माहिती झाकून पैसे वाचत नाहीत

एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेत अर्थसंकल्पावरून मोठी रस्सीखेच झाली आणि शेवटी जी तडजोड निघाली, तिच्यात एका छोट्या निधीवर कात्री चालली. ई-गव्हर्नमेंट फंड हे त्याचं नाव. आदल्या वर्षी त्यात ३ कोटी ४० लाख डॉलर होते, ते एकदम ८० लाखांवर आले. त्या काळात तिथल्या केंद्र सरकारचा माहिती तंत्रज्ञानावरचा वर्षाचा खर्च होता सुमारे ८,००० कोटी डॉलर. म्हणजे हा निधी पुरता पुसून टाकला असता, तरी हजार डॉलरमागे जेमतेम ४२ सेंट वाचले असते. दात कोरून पोट भरत नाही.

या निधीवर काय चालत होतं, तेही पाहायला हवं. सरकारी माहितीसंच लोकांना खुले करणारं डेटा डॉट गव्ह हे संकेतस्थळ, सरकारी पैसा कोणाकोणाकडे जातो ते दाखवणारं यूएसएस्पेंडिंग आणि आयटी डॅशबोर्ड. यातला डॅशबोर्ड महत्त्वाचा. जून २००९ मध्ये तो सुरू झाला. सरकारचा प्रत्येक मोठा संगणकीकरण प्रकल्प, त्याचा मंजूर खर्च, झालेला खर्च, झालेला उशीर आणि शेजारी जबाबदार अधिकाऱ्याचा फोटो, असं सगळं कोणालाही उघडून पाहता येत होतं. महिनाभरातच माजी सैनिकांसाठीच्या विभागानं आपले ४५ रखडलेले किंवा खर्च हाताबाहेर गेलेले प्रकल्प थांबवले आणि त्यांची फेरतपासणी सुरू केली. त्यातले काही पुढे कायमचे बंद झाले. डॅशबोर्ड आणि त्याच्या आधारे घेतलेल्या आढावा बैठकांमुळे ३०० कोटी डॉलर वाचले, असा प्रशासनाचा दावा होता. डॅशबोर्डवरच्या काही नोंदी चुकीच्या असल्याचं सरकारी लेखापरीक्षकांनीच दाखवून दिलं होतं, त्यामुळे तो आकडा मी जसाच्या तसा धरणार नाही. पण त्याचा दहावा हिस्सा खरा मानला, तरी ती बचत त्या अख्ख्या निधीच्या जवळजवळ नऊपट भरते. पैसे कुठे वाया जातात हे दाखवणाऱ्या साधनाचेच पैसे कापले गेले, आणि तेही खर्च कमी करायचा म्हणून.

ही एका देशाची किंवा एका पक्षाची गोष्ट नाही. हात आखडता घ्यायची वेळ आली की सरकारी यंत्रणा कुठेही अशाच वागतात, कारण हिशेबाची मांडणीच तशी असते. माहिती खुली करण्याचा खर्च एका कार्यालयाच्या, एका शीर्षाखाली दिसतो: दोन माणसांचे पगार, थोडी साठवण, संकेतस्थळाची देखभाल. फायदा मात्र दुसऱ्याच कोणाच्या तरी खात्यात जातो. शेजारच्या विभागाचे श्रम वाचतात, एखाद्या नगरपालिकेला नवं सर्वेक्षण करावं लागत नाही, एखाद्या संशोधकाचं काम पाच वर्षांऐवजी एका वर्षात होतं. यातलं काहीच त्या कार्यालयाच्या ताळेबंदात जमेच्या बाजूला येत नाही. मग अर्थ विभागातून पत्र येतं, अमुक टक्के कमी करा, आणि कार्यालयप्रमुख शोधत बसतो की कोणाचा आरडाओरडा न होता काय कमी करता येईल. पगाराला हात लावला तर संघटना उभी राहते. चालू कंत्राटाला हात लावला तर नुकसानभरपाईचं कलम आडवं येतं. खुल्या माहितीची यादी अद्ययावत होणं थांबलं, तर पहिले सहा महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

खरा पैसा कुठे जातो, हे गुपित नाही. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेनं २०१६ मध्ये संसदेला सांगितलं की माहिती तंत्रज्ञानावरच्या खर्चातला सुमारे तीन चतुर्थांश भाग जुन्या प्रणाली चालू ठेवण्यातच खर्ची पडतो. त्याच अहवालात एक नोंद आहे: अण्वस्त्रदलांच्या समन्वयासाठीची एक प्रणाली १९७० च्या दशकातल्या संगणकावर चालत होती आणि तिला आठ इंची फ्लॉपी लागत होत्या. अशी प्रणाली बदलायला आज पैसे घालावे लागतात आणि बचत पाच-सात वर्षांनी दिसते. कपातीच्या वर्षात तेवढा धीर कोणालाच नसतो. त्यामुळे जे महाग आहे ते तसंच राहतं आणि जे स्वस्त आणि उपयोगी आहे ते जातं.

माझं म्हणणं थोडक्यात असं की सरकारी माहिती खुली करणं ही परिस्थिती सुधारल्यावर करायची चैन नव्हे. खर्च खरोखर कमी करायचा असेल, तर सुरुवातच तिथून करावी लागते.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. एखाद्या विभागात कर्मचाऱ्यानं तक्ता तयार केलेला असतो. तो स्प्रेडशीटमध्ये असतो, रांगा-स्तंभ नीट लावलेले, बेरजा तपासलेल्या. तो छापला जातो. त्यावर सही होते, शिक्का बसतो. मग तोच कागद स्कॅनरवर ठेवला जातो, किंचित तिरका, आणि त्याची पीडीएफ संकेतस्थळावर चढते. पान प्रसिद्ध झालं, नियम पाळला गेला. आता दुसऱ्या विभागातल्या कर्मचाऱ्याला तेच आकडे हवे आहेत. तो पीडीएफ उघडतो. त्यातून आकडा उचलता येत नाही, कारण तो आकडा नाही, आकड्याचं चित्र आहे. मग तो शेजारी कोरी स्प्रेडशीट उघडतो आणि एकेक आकडा बघून टाइप करत बसतो. शिक्क्याची शाई जिथे पसरली आहे तिथे ३ आहे की ८, हे अंदाजानं ठरवतो. संध्याकाळी बेरीज जुळत नाही. मग फोन, मग पत्र, मग पंधरा दिवसांनी उत्तर, आणि तेही स्कॅन केलेलं.

मूळ फाइल जशीच्या तशी सोबत चढवायला एक मिनिट लागलं असतं. ती न चढवल्यामुळे गेलेला दिवस मात्र कुठल्याच हिशेबात दिसत नाही. तो दुसऱ्या विभागाच्या पगारात विरून जातो. असे दिवस रोज, शेकडो कार्यालयांत जातात. खुली माहिती म्हटलं की पत्रकार, कार्यकर्ते, ॲप बनवणारी मुलं असं चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर येतं. पण सरकारी माहितीचं सर्वात मोठं गिऱ्हाईक सरकार स्वतःच असतं. एका विभागाची माहिती दुसऱ्याला मागून, विनवून, कधी कधी चक्क विकत घेऊन मिळवावी लागते, आणि हे दोन्ही खिसे एकाच करदात्याचे असतात.

‘फुकट का द्यायची? विकली तर चार पैसे येतील,’ हा युक्तिवाद कपातीच्या काळात हमखास पुढे येतो. तो करून पाहिलेला आहे, आणि त्याचा निकाल नोंदलेला आहे.

लँडसॅट या उपग्रहमालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये गेला. तेव्हापासून पृथ्वीच्या जमिनीची छायाचित्रं सलग घेतली जात आहेत. १९८४ मध्ये अमेरिकेनं कायदा करून या छायाचित्रांच्या विक्रीचा व्यवसाय खासगी हातात दिला. कल्पना अशी की कंपनी बाजार शोधेल, उत्पन्न वाढेल आणि सरकारवरचा भार उतरेल. झालं असं की एका दृश्याची, म्हणजे उपग्रहाच्या एका छायाचित्राची, किंमत चार हजार डॉलरच्या पुढे गेली आणि विद्यापीठं, वनखाती, गरीब देशांतल्या संस्था बाजूला झाल्या. विक्रीतून नवा उपग्रह उभा राहण्याइतका पैसा कधी आलाच नाही. १९९२ मध्ये कायदा बदलून कार्यक्रम पुन्हा सरकारकडे आणावा लागला. १९९९ मध्ये लँडसॅट ७ उडाला तेव्हा दृश्याची किंमत ६०० डॉलरवर आणली गेली. विक्रीचं सर्वात चांगलं वर्ष २००१, आणि त्या अख्ख्या वर्षात साधारण २५,००० दृश्यं खपली. २००८ मध्ये संपूर्ण संग्रह मोफत खुला करायचा निर्णय झाला. आधी दिवसाला सरासरी ५३ दृश्यं जात होती, नंतर हजारोंनी जाऊ लागली.

यात नुसता आकडा वाढला असं नाही, कामाची जातच बदलली. ६०० डॉलर मोजायचे असतील, तर संशोधक वर्षातलं एकच, ढग नसलेलं दृश्य निवडतो आणि दहा वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका दृश्याशी त्याची तुलना करतो. मधल्या काळात जंगल जळलं, पुन्हा उगवलं, पुन्हा तुटलं, तर त्याला ते दिसत नाही. मोफत झाल्यावर लोक त्याच जागेची मिळतील तितकी दृश्यं एकावर एक लावू लागले. ढगाखाली गेलेला तुकडा दुसऱ्या तारखेच्या दृश्यातून भरून काढता येऊ लागला. २०१३ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या मॅथ्यू हॅन्सन यांच्या गटानं साऱ्या जगातल्या जंगलांच्या घटी-वाढीचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी लँडसॅट ७ ची ६,५४,१७८ दृश्यं वापरली. जुन्या दरानं नुसत्या छायाचित्रांचेच ३९ कोटी डॉलर झाले असते. इतके पैसे कोणत्याही संशोधन संस्थेनं दिले नसते, सरकारच्या तिजोरीत ते कधीच आले नसते, आणि तो नकाशाही झाला नसता. विक्रीचा फायदा कागदावर मांडणारे लोक हे गृहीत धरतात की आज फुकट घेणारा प्रत्येक जण उद्या पैसे देईल. तसं होत नाही. बहुतेक जण नाद सोडून देतात.

पत्त्यांचं उदाहरण याहून साधं आहे आणि म्हणूनच जास्त बोलकं. डेन्मार्कनं २००२ मध्ये ठरवलं की देशातल्या पत्त्यांची अधिकृत, नकाशावरच्या जागेसह नोंद सगळ्यांना खुली असेल. २००५ ते २००९ या पाच वर्षांचा हिशेब नंतर मांडला गेला. थेट फायदा सुमारे ६ कोटी २० लाख युरो, खर्च सुमारे २० लाख युरो. ब्रिटननं उलटी वाट धरली. तिथली पत्त्यांची यादी टपालसेवेकडे होती आणि २०१३ मध्ये टपालसेवा विकली तेव्हा यादीही तिच्याबरोबर गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदीय समितीनं ही विक्री चूक असल्याचं म्हटलं. २०१६ च्या अर्थसंकल्पात खुली पत्तेनोंद कशी उभारता येईल हे तपासायला ५० लाख पौंड ठेवावे लागले. आपल्याच लोकांचे पत्ते आपल्या हातून गेले आणि ते परत कसे मिळवायचे याच्या नुसत्या तपासणीसाठी एवढा पैसा बाजूला काढावा लागला.

आता एक आक्षेप, जो मला मनापासून पटतो. माहिती खुली करणं फुकट होत नाही, आणि निष्काळजीपणे केलं तर माणसं उघडी पडतात. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं आपल्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी संशोधनासाठी दिल्या. नावं, पत्ते काढून टाकले होते, त्यामुळे कोणी ओळखू येणार नाही असं आश्वासन होतं. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीनं मतदारयादी मिळवली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड या तीनच गोष्टी जुळवल्या आणि खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांच्या आजारपणाच्या नोंदी वेगळ्या काढून दाखवल्या. माणसांविषयीची माहिती आणि पैशांविषयीची, जमिनीविषयीची, हवामानाविषयीची माहिती यांत म्हणूनच कडक फरक करायला हवा. कोणत्या रुग्णालयानं कोणतं यंत्र कितीला घेतलं, हे सगळ्यांना दिसलंच पाहिजे. त्या यंत्रावर कोणाची तपासणी झाली, हे कोणालाही दिसता कामा नये. आणि या दोहोंच्या मधला जो अवघड पट्टा आहे, तिथे काय द्यायचं, किती ढोबळ करून द्यायचं, हे ठरवायला जाणती माणसं लागतात.

पण यातून निष्कर्ष माहिती झाकण्याचा निघत नाही, माणसं टिकवण्याचा निघतो. आणि खर्चकपातीत नेमकी हीच माणसं आधी जातात. विभागात बसून स्वतःची प्रणाली समजणारे चार जण कमी केले की वेतनखर्चाची ओळ लगेच खाली येते. वर्षभरानं तेच काम बाहेरच्या कंपनीकडून दुप्पट दरानं होतं, पण ते ‘व्यावसायिक सेवा’ या वेगळ्या शीर्षाखाली जात असल्यानं दोन्ही आकडे कोणी शेजारी शेजारी मांडत नाही.

या वृत्तीचं टोक पाहायचं तर कॅनडाच्या फिनिक्स वेतनप्रणालीकडे पाहावं. देशभर विखुरलेलं पगाराचं काम एका ठिकाणी आणायचं, जुनी प्रणाली टाकून नवी घ्यायची आणि त्यातून वर्षाला सुमारे ७ कोटी कॅनेडियन डॉलर वाचवायचे, अशी योजना होती. नवी प्रणाली नीट चालते की नाही हे कळण्याआधीच पगाराचे नियम तोंडपाठ असलेले शेकडो कर्मचारी कमी करण्यात आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रणाली सुरू झाली. कोणाला पगार मिळेना, कोणाला कमी मिळाला, कोणाला जास्त मिळाला आणि नंतर वसुलीची नोटीस आली. ज्यांना विचारायचं ते घरी गेले होते. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये याला अनाकलनीय अपयश म्हटलं. त्याच वर्षी सिनेटच्या समितीनं अंदाज दिला की २०२३ पर्यंत अनपेक्षित खर्च २२० कोटी डॉलरवर जाऊ शकतो. ठरवलेली बचत एक पै न चुकता दर वर्षी झाली असती, तरी हे भरून यायला तीस वर्षांहून जास्त लागली असती.

फिनिक्सचा खुल्या माहितीशी काय संबंध, असं कोणी विचारेल. संबंध आहे. अशा प्रकल्पांत धोक्याच्या खुणा आत काम करणाऱ्यांना बऱ्याच आधी दिसत असतात. चाचण्यांचे निकाल, गाळलेल्या सुविधा, पुढे ढकललेल्या तारखा हे सगळं कुठल्यातरी फायलीत असतं. ते वर जाताना प्रत्येक पायरीवर थोडं गोड होत जातं, आणि सर्वात वरच्या टेबलावर पोचतं तेव्हा सगळं हिरवं दिसतं. चाचणीचे निकाल आणि खर्चाचे आकडे दर महिन्याला जाहीर करायचं बंधन असेल, तर गोड करायला जागा कमी उरते. ज्यांचा पगार त्या प्रणालीवर अवलंबून आहे, ते लाखो लोक तो तक्ता बघणार असतात. एवढे परीक्षक पगार देऊन कोणी ठेवू शकणार नाही.

पुढची लढाई कंत्राटांत आहे. अनेक सरकारी कार्यालयांत माहिती सरकारची असते, पण ती बाहेर काढायची चावी कंपनीकडे असते. कार्यालयाला आपल्याच नोंदी वेगळ्या स्वरूपात हव्या असतील तर कंपनी त्याला ‘अतिरिक्त काम’ म्हणते आणि वेगळं बिल लावते. कंत्राट संपत आलं की हीच अडवणूक नूतनीकरणाच्या वेळी कंपनीच्या पथ्यावर पडते. दुसरीकडे जायचं तर वीस वर्षांच्या नोंदी कशा नेणार? मग जुन्याच कंपनीशी, वाढीव दरानं, पुन्हा करार होतो. जो विभाग आपली माहिती नियमितपणे खुल्या स्वरूपात बाहेर देतो, त्याची अशी कोंडी करता येत नाही, कारण त्याच्या नोंदी आधीच कंपनीच्या भिंतीबाहेर, कोणालाही वाचता येईल अशा साध्या फायलींत असतात. खासगी नोंदींच्या बाबतीत हेच काम विभागाच्या स्वतःच्या ताब्यातल्या सुरक्षित प्रतीनं होतं. दोन्हीकडे कौशल्य एकच लागतं. म्हणून खुली माहिती हा विभागाचा रोजचा सराव असला पाहिजे. ज्याला दर महिन्याला माहिती बाहेर काढता येते, त्याला पाच वर्षांनी कंपनीही बदलता येते.

तेव्हा कपातीचा प्रस्ताव मांडणाऱ्या प्रत्येक विभागाकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. एक, जे बंद करायचं ठरवलं आहे ते आज कोण वापरतं, आणि त्यात सरकारी कार्यालयं किती. दुसरी, विभागाच्या सर्वात महागड्या पाच कंत्राटांची पूर्ण रक्कम, मुदत आणि आजवरची वाढ, संकेतस्थळावर, बेरीज करता येईल अशा फाइलमध्ये.

आणि नव्या कंत्राटात एक अट असावी. शेवटचा हप्ता देण्याआधी विभागाच्याच एखाद्या कर्मचाऱ्यानं, कंपनीच्या माणसाला खोलीत न घेता, प्रणालीतल्या सगळ्या नोंदी बाहेर काढायच्या, वेगळ्या यंत्रावर वेगळ्या प्रणालीत चढवायच्या आणि दोन्हीकडच्या नोंदींची संख्या आणि बेरजा जुळवून दाखवायच्या. जुळल्या तर धनादेश निघेल. नाही जुळल्या, तर काम अजून पूर्ण झालेलं नाही.